पहिली चायना, दुसरी चायना

पहिली

ठोका पडतो तेव्हा सहाना चेहरा तयार ठेवून असते. भुवया किंचित वर, मान थोडी कलती, नजर कुठेच नाही. नवी झांज ऐकणाऱ्या ड्रमरचा चेहरा.

"आईशप्पथ," मकरंद म्हणतो. "केवढा वेळ सळसळत राहते!"

सहाना मान हलवते.

तिला ऐकू आलं ते एवढं: झॅ.


दुसरी

लगेच वाजवता येत नाही. थांबावं लागतं.

मद्रासच्या नुंगंबाक्कममधलं हे वाद्यांचं दुकान तळघरात आहे आणि वर डोळ्यांचा दवाखाना. वर कुणाच्या तरी बुबुळाजवळ यंत्र नेलेलं असतं, खाली कुणीतरी झांज ठोकतो, पेशंट डोळा गच्च मिटतो. भांडणं झाली, इमारतीच्या मालकापर्यंत गेली, आणि आता तह असा आहे: एक पेशंट उठून दुसरा बसेपर्यंत खाली एक ठोका. वरून फोन येतो. दुकानदार विजयकुमार हात वर करतो. वाजवा. मग पुन्हा गप्प.

"जगात कुठे असं असतं का हो?" मकरंद त्याला तमिळमध्ये विचारतो. सहा वर्षांत तमिळ चांगली आलीय त्याला, पण सांगलीचा हेल सुटत नाही.

"डोळे सगळ्यांना लागतात, सार," विजयकुमार म्हणतो. "चायना झांज किती लोकांना लागते?"

काउंटरवरच्या फोनचा लाल दिवा लागतो. विजयकुमार हात वर करतो. मकरंद दुसऱ्या झांजेवर काठी मारतो.

झॅ.

"जमीन-अस्मान!" मकरंद म्हणतो.


दोन्ही

दोन्ही अठरा इंची. दोन्ही एकाच कंपनीच्या, हाताने ठोकलेल्या. बाकीच्या झांजा ताटासारख्या असतात. चायनाची कड उलटी वळलेली असते, आणि म्हणून ती पालथी टांगतात. तिचा आवाज गोड नसावा लागतो. पत्र्याचं छप्पर कोसळावं आणि कोसळल्यावर वाळू झरत राहावी, तसा हवा. छप्पर सहानाला ऐकू येतं.

वाळू नाही.


त्याआधी

तालीम वेलचेरीत मकरंदच्या बिल्डिंगखालच्या खोलीत होते. पुराची रेघ भिंतीवर खांद्याएवढी, म्हणून अँप्लिफायर सगळे टेबलांवर. गेल्या आठवड्यात गाणं संपल्यावर सौम्या, त्यांची गायिका, पाणी पीत पीत ड्रमसेटजवळ आली आणि सहानाच्या जुन्या चायनावर वाकली.

"ही चीर आता पार मध्यापर्यंत गेली गं."

"कसली चीर?" हे सहाना म्हणणार होती. म्हणाली नाही.

"किती दिवस खरखरतेय," सौम्या म्हणाली. "आम्हाला वाटलं, तुला मुद्दाम तसाच आवाज हवाय."

"हवाच होता," सहाना म्हणाली.

सगळे हसले. तीही. मकरंद म्हणाला, पुढच्या शनिवारी रेकॉर्डिंगला स्टुडिओत हे चालणार नाही, तिथला माणूस पहिल्या मिनिटाला थांबवेल, आपण नवी घेऊ. आपण म्हणजे तो आणि ती.

त्या संध्याकाळी तिने ती झांज घरी नेली. दार लावलं. चिरेवरून बोट फिरवलं. कातडी अडकत होती. कानाजवळ धरून काठीने मारलं. पुन्हा मारलं. खरखर नाही. चीर बोटाला लागत होती, डोळ्यांना दिसत होती. कानाच्या हिशेबी झांज अखंड होती.


त्याच्याही आधी, पण तेव्हा कळलं नव्हतं

एकादशीचं भजन. सहानाचे अप्पा, सेतुमाधव, रेल्वेतून रिटायर झालेले, घरातल्या भजनाला जाल्रा वाजवतात. पितळेच्या दोन वाट्या, दोरीने बांधलेल्या. सहाना दाराशी बसून ऐकत होती.

"अप्पा, हल्ली तुम्ही फार हळू वाजवता हो."

"हळू?" अप्पांची मराठी तंजावरची, तीन पिढ्या मद्रासला राहूनही तशीच. "पलीकडची मामी दार लावून घेते, आणि तुला हळू लागते? कान कोठे ठेवून आलीस गा?"

भजनाला आलेल्या अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "ते ढोल बडवते ना दिवसभर, तिला आमचा जाल्रा काय आइकू येणार?"

सगळ्या बायका हसल्या. सहाना


(ही ओळ तिथेच थांबते, कारण त्या रात्री तिनेही विचार तिथेच थांबवला होता.)


पहिली

पुन्हा थांबणं. मकरंद मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ बघतोय. सहाना दोन्ही झांजांकडे बघतेय.

शब्द तिच्याकडे आहेत. उजळ. गडद. कोरडी. घाण, म्हणजे चांगल्या अर्थाने घाण. गेले काही दिवस तिने एक युक्ती चालवलीय: आधी दुसऱ्याला बोलू द्यायचं, मग त्याचाच शब्द थोडा वाकवून परत करायचा. तो म्हणाला "सळसळते", तर आपण म्हणायचं "हो, शेपूट लांब आहे." आत्तापर्यंत कुणी पकडलेलं नाही. पकडायला कुणी टपलेलंही नाही, पण तिला तसं वाटत राहतं.

कारण दर्शन आहे. ती तालमीला नसली की दर्शन वाजवतो. चांगला वाजवतो, हेच वाईट.

"बोल," मकरंद मोबाइल खिशात टाकतो. "कुठली?"

"तुला कुठली वाटते?"

"मला काय विचारतेस? मी गिटारवाला. मला सगळ्याच झांजा म्हणजे डोक्याला ताप."

"तरी."

"नाही. या वेळी नाही." तो हसतोय, पण मागे हटत नाही. "मागे तो माईक निवडताना पण तू असंच केलंस. माझ्याकडून वदवून घेतलंस आणि मग सौम्याला म्हणालीस, मकरंदला तो आवडला. उद्या शिव्या मला. आज तू आधी बोलायचंस."

"बोलत्ये."

"बोल ना."

"इतक्या लवकर कैसे सांगू? नीट आइकू दे."

"आइकू दे," तो तिची नक्कल करतो. "तुझी मराठी ऐकली ना, की वाटतं आत्ता घोड्यावरून कुणीतरी खलिता घेऊन येईल."

"येईल. त्यात लिहिलेलं असेल, सांगलीच्या माणसाने तोंड बंद ठेवावे."

तो हसतो. ती हसते. तेवढा वेळ मिळाला.


मधेच कुणीतरी

जिन्यावरून हिरव्या कोटातली एक बाई खाली येते. वरच्या दवाखान्यात नंबर तपासणारी भव्या. विजयकुमार हात जोडून उभाच राहतो.

"आत्ता कोणी वाजवलं? मी फोन केला नव्हता."

"नाही मॅडम, कुणी वाजवली नाही. कुणाचा तरी धक्का लागला."

"माझे पेशंट आजोबा खुर्चीतून उठले. म्हणाले, बॉम्ब." ती कपाळावर हात मारते आणि झांजांकडे बघते. "या एवढ्याशा ताटल्यांसाठी?"

"मॅडम, आम्ही अडकलोय," मकरंद म्हणतो. "दोन आहेत. पहिली की दुसरी, ठरत नाही."

"मग माझ्यासारखंच की तुमचं." ती पायरीवरच टेकते, तिलाही बहुधा चार मिनिटं वरून पळायचंच होतं. "मी दिवसभर तेच विचारते. या काचेतून बरं, की या? पहिलं, की दुसरं? आणि लोकांना ती परीक्षा वाटते. घामाघूम होतात. सारखंच दिसतंय असं म्हणायला घाबरतात."

"मग?"

"मग मी कधी कधी एकच काच दोनदा दाखवते. आणि लोक छातीठोक सांगतात, दुसरं, दुसरं बरं! तेव्हा मला कळतं की हा बघत नाहीये, मला खूश करतोय."

मकरंद जोरात हसतो. विजयकुमारही. सहाना विचारते, "आणि कुणी म्हणालंच, दोन्ही सारखं, तर?"

"तर छानच. माझं काम सोपं. कुठे थांबायचं ते कळलं."

वरून कुणीतरी हाक मारत असावं बहुधा, कारण भव्या मान वर करते, "आले, आले," म्हणते आणि जाते.

सहानाला हाक ऐकू आली नाही. पण हाक वरच्या मजल्यावरून होती, मधे स्लॅब आहे. स्लॅब आहे मधे. कुणालाही ऐकू आली नसती.

मकरंद म्हणतो, "किती गोड ओरडतात ते आजोबा."


दूर

"मी लांब उभी राहते," सहाना म्हणते. "झांज जवळून कळत नाही. लोक लांबून ऐकतात ना, तर लांबूनच निवडायची."

हे खरं आहे. सगळे ड्रमर असंच करतात, दुसऱ्याला वाजवायला लावतात आणि स्वतः भिंतीशी जातात. ती दुकानाच्या टोकाला, जिथे हार्मोनियमच्या पेट्या रचल्या आहेत, तिथे जाऊन पाठ करून उभी राहते. पाठ केली की चेहरा करावा लागत नाही. एवढं एक सुख.

ती थांबते.

पेट्यांवर धूळ आहे. गिंडीच्या कारखान्यात, जिथे ती पत्र्याचे ठोकून काढलेले भाग तपासते, तिथे दिवसभर कानांवर आवाज अडवणारे पिवळे मफ असतात. न घालता आत गेलं तर सुपरवायझर ओरडतो. संध्याकाळी ती मफ खुंटीला टांगते, ट्रेनने वेलचेरीला येते आणि उघड्या कानांनी ड्रमसेटवर बसते. कॉलेजपासून. मफ घालून वाजवायला तिला लाज वाट

झॅ.

ती दचकते. "अरे, सांगायचं तरी!"

"फोन आला की! विजयकुमार ओरडला पण, रेडी म्हणून."

"हां. हां, माझं लक्ष नव्हतं."

पुन्हा थांबणं. मागे काहीतरी हलवल्याचा आवाज, मळसूत्र फिरवल्यासारखा. ती आता सगळं अंग कानाशी आणते. आत्ता येईल. दोन्हींत फरक असणार, तो म्हणाला जमीन-अस्मान, म्हणजे असणारच. कुठेतरी शेवटी. ठोक्यानंतर. ठोका सोडून द्यायचा आणि त्याच्या मागे

झॅ.

मागे काही नाही. नाही, होतं. होतं का? काहीतरी बारीक, लांबलेलं. ती ते धरायला जाते आणि तिला कळत नाही की ते झांजेतून आलं की तिच्या डोक्यातून. डोक्यात हल्ली निजताना एक शिट्टी असतेच.

"बोल!" मकरंद म्हणतो.

"दुसरी." आवाज ठाम येतो. तिलाच नवल वाटतं. "पहिली लवकर मिटते. दुसरीला शेपूट आहे. गडद आहे. दुसरी घेऊ."



मागे विजयकुमारचा खोकला. मग मकरंदचं हसू, आधी नाकातून, मग सगळं.

"अगं बाई! एकच होती! दोन्ही वेळा तीच वाजवली मी!"

ती वळते. दुसरी झांज स्टँडवर नाहीच. ती मकरंदच्या काखेत आहे, दुकानातून पळवलेल्या परातीसारखी.

"त्या मॅडमची आयडिया," तो डोळे पुसतो. "चेहरा बघ तुझा! छातीठोक! शेपूट म्हणे! गडद म्हणे!"


इथून दोन रस्ते

एक. हसायचं. त्याच्या पाठीत एक धपाटा घालायचा. "गाढवा, तू सांगितलंस दोन आहेत म्हणून मला दोन वाटल्या," म्हणायचं. खोटंही नाही ते. कुणीही फसलं असतं; वरचे आजोबाही फसतात. मग काखेतली झांज टांगायची, तो ती वाजवेल, सहाना नाणं उडवल्यासारखं एक नाव घेईल, आणि शनिवार येईल, आणि स्टुडिओतला माणूस काचेपलीकडून म्हणेल, तुमच्या हायहॅट झांजांना काय झालंय, ऐकू येत नाही का

दोन.


एक

ती हसते. धपाटा घालते. "गाढवा."

"सॉरी, सॉरी. आता खरं. शप्पथ." तो काखेतली झांज स्टँडवर चढवतो, पालथी, मळसूत्र घट्ट करतो. "आता ही दुसरी. आत्ताच ती ऐकलीयस, आता ही. जवळ ये, इथेच थांब. फसवत नाही."

लाल दिवा लागतो. विजयकुमारचा हात. मकरंद मारतो.

झॅ.

त्याने डोळे मिटलेत. तो अजून ऐकतोय. ठोका कधीच संपला आणि तो अजून ऐकतोय. विजयकुमारही काउंटरवर टेकून मान हळूहळू खाली नेतोय, कशाच्या तरी मागोमाग. दोघे तिच्या समोर, तिला जिथे जाता येत नाही अशा ठिकाणी, निवांत उभे आहेत.

सहाना झांजेच्या कडेला बोट लावते. कड थरथरतेय. म्हणजे आवाज आहे. बोट लावल्याने तो थांबतो आणि दोघे एकदम डोळे उघडतात.

"अगं, संपू तरी द्यायचं!"

"संपला नव्हता?"

"कुठे? किती होता अजून."

तो वाट बघतोय. पहिली, की दुसरी.


दोन

"सारख्या आहेत," ती म्हणते.

"हा!" मकरंद बोट नाचवतो. "आता घाबरली. आता काहीच म्हणणार नाही."

"सारख्या आहेत, मकरंद."

"अगं ही कुठे, ती कुठे. ती दारासारखी बंद होते, ही..."

"मला सारख्या आइकू येतात. आणि जुनीतली चीर मला आलीच नाही. खरखर. तुम्हाला सगळ्यांना येत होती ती. मी आत्ता पण ती वाजवली तरी मला येणार नाही. मी घरी करून बघितलं."

त्याचं बोट हवेतच आहे. तो ते खाली घेतो. काय करावं न कळून खिशात घालतो.

"किती ऐकू येत नाही?"

"जे आइकू येत नाही ते किती आहे, हे मी कैसे सांगू?"

तो हसतो, आणि हसल्याबद्दल लगेच ओशाळतो. विजयकुमारला मराठी येत नाही. पण तो काउंटरवरचा वह्यांचा गठ्ठा उगाच उचलून दुसरीकडे ठेवतो, फोनच्या पुढ्यात, आणि त्यावर पावत्या नीट लावत बसतो.

"पण तू चुकत नाहीस," मकरंद म्हणतो. "मागच्या आठवड्यात पण नाही चुकलीस."

"हातांना माहिती असते."

"कधीपासून?"

"माहीत नाही. हळूहळू गेलं असणार. गेलेलं कळत नाही ना." मग, तो काही बोलायच्या आत, "दर्शनला फोन करायचा तर कर. शनिवारला वेळ आहे अजून."

"गप."

तो गप म्हणाला खरा, पण त्याच्या आधी एक क्षण गेला. तेवढ्या क्षणात तो दर्शनचा विचार करून आला, हे तिला दिसलं. तिला राग आला नाही. तिनेही केला असता.

"सौम्याला सांगावं लागेल," तो म्हणतो.

"हो."

"डॉक्टर."

"हो."

"शनिवारच्या आधी, की नंतर?"

पुन्हा तेच. पहिलं, की दुसरं. पण या वेळी तिला फरक कळतो, नीट कळतो. नंतर म्हटलं तर शनिवार तिचा. आधी म्हटलं तर शनिवार कुणाचा ते डॉक्टरच्या कागदावर येईल.

"आधी," ती म्हणते. आणि तिला ते परत घ्यावंसं वाटतं.

"बरं."

"बरं."


पहिली

चायना अजून घ्यायचीच आहे. कुणीही वाजवो, शनिवारी झांज लागणारच. दोघे दोन मोढ्यांवर बसलेत. मकरंद दोन्ही झांजांकडे आळीपाळीने बघतोय, आणि आता तोही वैतागलाय.

"मलाही आता खात्री नाही," तो म्हणतो. "मगाशी वाटत होतं जमीन-अस्मान. आता वाटतं, मी नुसताच बोललो का? पुन्हा ऐकावं लागेल. दोन्ही."

"आइक."

"मग मी सांगतो कशी वाजते. नीट सांगतो, शब्द शोधून. आणि तू ठरव."

"तू सांगितलेल्यावरून?"

"मग काय, बोटावरून ठरवणार?"

ती खांदे उडवते. वर पेशंट बसलेला असणार, थांबावं लागेल. ती पहिल्या झांजेच्या कडेकडे बघत थांबते. हातोडीच्या खुणा, एकीजवळ एक, एकही दुसरीसारखी नाही. बराच वेळ जातो. आजोबांचा नंबर मोठा असेल.

मग तिच्या लक्षात येतं की मकरंद झांजेकडे बघत नाहीये. तिच्याकडे बघतोय. विजयकुमारही, पावत्या हातात धरून, तिच्याकडेच बघतोय, अवघडल्यासारखा, आणि त्याचा हात वर जायचा राहिलाय.

"काय?" ती म्हणते.

"काही नाही." मकरंद गठ्ठ्याकडे बघतो, ज्याच्या मागे फोन आहे. "फोन वाजतोय."

ती भुवया किंचित वर करते. मान थोडी कलती. नजर—

मग तो चेहरा ती सोडून देते. उठते, गठ्ठा एका बाजूला सरकवते. दिवा लागलेला आहे, लाल, उघडझाप करतोय. किती वेळ करत होता कोण जाणे.

ती काठी मकरंदच्या हातात देते.

"पहिली वाजव," ती म्हणते. "आणि संपली की सांग."